दर्या आणि दऱ्या

आमचे सर गेल्यानंतर दीडेक वर्षाने त्यांच्या मुलीने मला एक बुटांचे खोके आणून दिले. आत फ्लॉप्या आणि चार सीडी होत्या, प्रत्येकीवर सरांच्या वळणदार अक्षरात साल लिहिलेले. "दादा, यात बाबांची सगळी टिपणं आहेत म्हणे. आमच्याकडे काही उघडत नाही. तुम्हीच बघा," ती म्हणाली.

सर मोडीचे वाचक. पुण्याच्या पेशवे दप्तरात त्यांनी उमेदीची वर्षे काढली. रुमाल सोडायचा, कागद उलगडायचा, वाचायचा, बालबोधीत उतरवायचा आणि रुमाल पुन्हा बांधून ठेवायचा. निवृत्तीनंतर कुणाच्या तरी आग्रहावरून त्यांनी संगणक घेतला आणि ही उतरवलेली टिपणे एकेक करून टंकायला सुरुवात केली. हाताने लिहिलेल्या वह्या मधल्या काळात एका पावसाळ्यात भिजल्या आणि टाकून द्याव्या लागल्या. संगणकात सगळे आहे, या भरवशावर त्या फार हळहळ न करता टाकल्या गेल्या.

फ्लॉप्यांतल्या बहुतेक मेल्या होत्या. सीडी उघडल्या. १९९९ सालची पहिली फाइल पडद्यावर आली तेव्हा तिच्यात एकही मराठी अक्षर नव्हते. रोमन अक्षरे, डॉलरची खूण, कंस, उद्गारचिन्हे, मधूनच डोक्यावर टोपी घातलेला एखादा फ्रेंच स्वर. पानामागून पान असेच. सवाई माधवरावांच्या काळातला, सव्वादोनशे वर्षांपूर्वीचा कागद सरांनी वाचला होता आणि त्याचे सरांनी केलेले वाचन वीस वर्षांतच कुणालाही वाचता येत नव्हते.

असे का झाले ते छपाईच्या धंद्यातल्या कुणालाही माहीत असते, पण वाचकाला सहसा नसते. १९९० च्या दशकात मराठीत डीटीपी आले ते एका युक्तीवर. संगणकात रोमन अक्षरांसाठी जी घरे होती त्यांतच देवनागरीची चित्रे बसवली गेली. एका घरात ककाराचा अर्धा भाग, दुसऱ्यात काना, तिसऱ्यात रफार. टंकणाऱ्याला पडद्यावर मराठी दिसे, कागदावर मराठी उमटे, यंत्राच्या लेखी मात्र तो इंग्रजीतला निरर्थक मजकूर असे. शिवाय प्रत्येक कंपनीची मांडणी वेगळी. एकीच्या घरात 'म' तर दुसरीच्या त्याच घरात वेलांटी. तो फाँट तुमच्याकडे असेल तर मजकूर मराठी, नसेल तर कचरा. त्या काळातली वर्तमानपत्रे, पुस्तके, लग्नपत्रिका आणि आज दिवाळी अंक म्हणून ज्यांचे कौतुक होते त्यांपैकी कितीतरी अंक अशा फायलींतून छापले गेले. छापील प्रत राहिली तेवढेच राहिले.

सरांची टिपणे छापली गेलेली नव्हती. त्यांचा माग काढता काढता मी मराठीच्या आणि यंत्राच्या जुन्या भांडणात शिरलो, ते हे.

या भांडणाची सुरुवात मोबाइलवर रोमनमध्ये मराठी लिहिणाऱ्या मुलांपासून झाली, असे समजणाऱ्यांनी फादर थॉमस स्टीफन्सची आठवण ठेवावी. हा इंग्रज जेझुइट १५७९ साली गोव्यात आला. त्याच्याही आधी, १५५६ साली, गोव्यात छापखाना उतरला होता. स्टीफन्स मराठी शिकला, जुने ओवीबद्ध वाङ्मय त्याने कानात मुरवले आणि सुमारे अकरा हजार ओव्यांचे 'ख्रिस्तपुराण' रचले. १६१६ साली ते रायतूरच्या सेमिनरीत छापून निघाले, पण रोमन लिपीत. त्याला तसेच हवे होते असे दिसत नाही. १६०८ साली रोमला लिहिलेल्या पत्रात त्याने या देशाच्या लिपीचे खिळे पाडण्याची परवानगी मागितली होती. खिळे पडले नाहीत, आणि मराठीतले ते मोठे काव्य परक्या लिपीच्या अंगरख्यात जगात आले. १९०७ साली मंगळूरला त्याची आवृत्ती निघाली तीही रोमनच. छापील देवनागरीत ते यायला १९५६ साल उजाडले. तीनशे चाळीस वर्षे. एवढ्या काळात ते ज्यांच्या भाषेत होते त्यांतल्या बहुसंख्यांना ते उघडून वाचता आले नाही. ज्यांना वाचता आले, त्यांच्यात मात्र ते गायले जात राहिले. लिपीची भिंत धर्माच्या भिंतीला अशी चिकटली, आणि त्याचे एक कारण न पाडलेले खिळे होते.

मोडीची गोष्ट याहून गुंतागुंतीची आहे. विल्यम केरीने श्रीरामपुरास १८०५ साली मराठीचे व्याकरण छापले त्यात देवनागरी खिळे वापरले, आणि १८१० च्या कोशासाठी मोडीचे खिळे पाडले. म्हणजे मोडीचे खिळे पाडता येत नव्हते असे नाही. पण मोडी ही बोरू न उचलता लिहिण्याची लिपी. एक अक्षर दुसऱ्याच्या अंगावर रेलते, 'र' शेजाऱ्याप्रमाणे रूप बदलतो. शिशाच्या सुट्या तुकड्यांना हे झेपत नाही. शिळाछापावर ती छान उमटे, आणि तशी उमटवलीही गेली. पण खिळ्यांच्या छापखान्यात बालबोध स्वस्त आणि सुबक पडली. शाळा, सरकार आणि छापखाना तिघेही एकाच बाजूला झुकले. १९१७ साली मुंबई सरकारने मोडीऐवजी बालबोध स्वीकारण्याचे ठरवले. त्यानंतरही काही दशके ती शाळेत शिकवली जाई. आमच्या आजोबांना येत होती, वडिलांना अर्धवट, मला सरांमुळे. युनिकोडमध्ये मोडीला जागा मिळाली ती २०१४ साली, तोपर्यंत ती सहज वाचणारे मोजकेच उरले होते.

बालबोधीलाही छापखान्यात सुख नव्हतेच. मात्रा, वेलांट्या, उकार, जोडाक्षरे धरून खिळ्यांची संख्या शेकड्यांनी होई. जुळाऱ्याच्या केसेस भिंतभर पसरत. लोकमान्यांपासून अनेकांनी खिळे कमी करण्यावर डोके खाजवले. सावरकरांनी लिपिशुद्धीची चळवळ काढून इ, ई, उ, ए ही स्वतंत्र अक्षरे काढून टाका, सगळी अ च्या बाराखडीत बसवा म्हटले. किर्लोस्करांच्या मासिकांनी ते अमलात आणले. आजोबांकडच्या जुन्या 'किर्लोस्कर'मध्ये मी लहानपणी 'अितिहास' आणि 'अेक' वाचले आहे आणि ते छापखान्याच्या चुका आहेत असे बरीच वर्षे समजत होतो. तर्काने पाहिले तर सुधारणा सोपी होती, फायद्याची होती, आणि ती सुचवणाऱ्यांचे वजनही होते. तरी लोकांनी ती घेतली नाही. मराठी माणूस यंत्रापुढे कुठे वाकला आणि कुठे अडून बसला याचा विचार करताना मला हा प्रसंग नेहमी आठवतो. मोडी एवढी मोठी गोष्ट आपण सोडली. 'इ' सोडला नाही.

आणखी एक नोंद इथेच करून ठेवतो, कारण पुढे ल च्या भांडणात ती उपयोगी पडेल. मुंबईच्या निर्णयसागर छापखान्याने एकोणिसाव्या शतकात देवनागरी खिळ्यांना जे वळण दिले ते देशभर संस्कृत ग्रंथांतून पोहोचले. उत्तरेत अ, झ, ण ही अक्षरे पूर्वी वेगळ्या रूपात लिहीत. १९६० च्या दशकात केंद्र सरकारने प्रमाण देवनागरी ठरवली तेव्हा या तिन्ही अक्षरांची मुंबईकडची रूपे स्वीकारली. आज हिंदीत जो अ लिहितात तो आपल्याकडून गेला आहे. उत्तरेतल्या एखाद्या म्हाताऱ्या पंडिताला तेव्हा काय वाटले असेल, याची चौकशी आपण कधी केली नाही.

संगणकाच्या पिढीकडे येऊ. १९८० च्या दशकात आयआयटी कानपूरमध्ये भारतीय लिप्या संगणकावर आणण्याचे काम झाले, ते पुढे पुण्यात १९८८ साली स्थापन झालेल्या सी-डॅककडे आले. त्यातून इस्की नावाची संकेतप्रणाली घडली. १९९१ साली ती भारतीय मानक झाली. तिच्यामागची कल्पना फार देखणी होती. ब्राह्मीपासून निघालेल्या सगळ्या लिप्यांचा वर्णक्रम एकच, तेव्हा 'क' ला सगळीकडे एकच क्रमांक द्यायचा. मग तो बंगालीत दाखवा, तमिळमध्ये दाखवा, मराठीत दाखवा. पाणिनीच्या देशाला शोभेल असे हे काम होते, आणि डीटीपीवाल्यांनी तेव्हा ते मनापासून स्वीकारले असते तर सरांची फाइल मला पाच मिनिटांत उघडता आली असती.

त्याच वर्षी, १९९१ मध्ये, जगातल्या सगळ्या लिप्यांना एका यादीत बसवणाऱ्या युनिकोडची पहिली आवृत्ती निघाली. भारतीय लिप्यांसाठी तिने इस्कीचाच पाया घेतला. देवनागरीला १२८ घरांचा एक वाडा मिळाला. मराठी, हिंदी, नेपाळी, संस्कृत, कोकणी सगळ्यांनी त्यातच राहायचे, कारण युनिकोड लिपीला जागा देते, भाषेला देत नाही. 'ल' ला एक घर. त्यात मराठीचा दोन पाकळ्यांचा ल राहतो की हिंदीचा उजवीकडे उभा दंड असलेला, हे ठरवायचे काम फाँटवर सोडले. 'श' चेही तसेच. मराठीचा देठाचा, हिंदीचा गाठीचा.

विंडोज २००० बरोबर देवनागरी पहिल्यांदा घरोघरच्या संगणकात आयती आली, आणि तिच्यासाठी 'मंगल' हा फाँट आला. तो र. कृ. जोशींच्या हातचा. जोशी म्हणजे कवी, सुलेखनकार, आयआयटी मुंबईतले शिक्षक. मराठी अक्षरावर त्यांच्याइतके प्रेम करणारी माणसे थोडी. तरीही मंगलमधला ल दंडाचा आणि श गाठीचा. साऱ्या देवनागरीसाठी एकच मुख्य रूप निवडायचे म्हटले की संख्या जिंकते, असे मला वाटते. मराठीची वेगळी रूपे फाँटच्या पोटात ठेवता येतात आणि आता अनेक चांगले फाँट ती ठेवतात. पण हा मजकूर मराठी आहे असे कुणीतरी यंत्राला सांगावे लागते. मुलाच्या बारशाचे निमंत्रण व्हॉट्सॲपवर पाठवताना ते कोण सांगणार? (या लेखातला ल कोणता छापून येईल तेही मला ठाऊक नाही. ती संपादकांची जबाबदारी.)

मला आश्चर्य वाटते ते याचे की त्याआधी दंडाचा ल आपल्याला कधी खुपला नव्हता. रेल्वे स्थानकांच्या पाट्यांवर, नोटांवर, हिंदीच्या क्रमिक पुस्तकांत तो होताच. आम्ही शाळेत मराठीच्या तासाला एक ल आणि हिंदीच्या तासाला दुसरा ल लिहीत असू आणि त्यात आम्हाला काही मानापमान दिसत नसे. पडद्यावर, आपल्या स्वतःच्या निरोपात, आपल्या मुलीच्या नावात तो दिसायला लागला तेव्हा तो परका झाला. ६ नोव्हेंबर २००९ च्या शासन निर्णयाने मराठी वर्णमाला आणि अक्षरांची रूपे प्रमाण करून दिली. २०२२ मध्ये ती पुन्हा अद्ययावत केली. त्यानंतर तर पाकळीचा ल आणि देठाचा श हे मराठीपणाचे तपासणी-नाके झाले आहेत. समाजमाध्यमांवर कुणी दुकानाच्या पाटीचा फोटो टाकतो, खाली लोक अक्षर मोठे करून बघतात, आणि मग पाटीवाल्याची खैर नसते. माझे स्वतःचे प्रेम पाकळीच्या ल वरच आहे. पण ज्या गोष्टीकडे पन्नास वर्षे ढुंकून पाहिले नाही ती अस्मितेची खूण कशी झाली, हे विसरू नये. एका यंत्राने ती आपल्यापुढे धरली म्हणून ती आपल्याला दिसली.

'ल' बदलला तरी अर्थ बदलत नाही. 'ऱ' चे तसे नाही, आणि मला त्याचीच जास्त काळजी आहे. दर्या म्हणजे समुद्र, दऱ्या म्हणजे डोंगरांमधल्या घळी. आचार्यास म्हणजे गुरूला, आचाऱ्यास म्हणजे स्वयंपाक्याला. मराठीत हा भेद उच्चारात आहे. दर्यात द वर आघात येतो, दऱ्यात येत नाही. तो दाखवायला आपल्याकडे आडव्या चंद्रकोरीसारखा अर्धा र आहे. हिंदीला त्याची गरज नाही. इस्कीत आणि युनिकोडमध्ये खाली टिंब असलेला 'ऱ' आला होता तो मुख्यतः दाक्षिणात्य भाषांतला र देवनागरीत लिहिण्यासाठी. त्याच्या पाठीवर बसून आपला अर्धा र आला. पण तो लिहायचे मार्ग दोन झाले. टिंबाचा ऱ घेऊन पाय मोडा, किंवा साधा र घेऊन त्याचा पाय मोडा आणि पुढे एक अदृश्य जोडखूण घाला. डोळ्यांना दोन्ही 'दऱ्या' सारख्याच दिसतात. यंत्राला ते दोन वेगळे शब्द वाटतात. एका पद्धतीने लिहिलेल्या मजकुरात दुसऱ्या पद्धतीने शोधले तर बिचारे यंत्र प्रामाणिकपणे सांगते की असा शब्द इथे नाही. आणि ज्यांना या दोन्ही खुब्या माहीत नव्हत्या त्यांनी सरळ रफार दिला. एका अख्ख्या प्रांताचे नाव, वऱ्हाड, 'वर्हाड' होऊन हिंडू लागले.

'ॲ' ची कथा लहान आहे. बॅट, बँक लिहायला खूण होती, पण शब्दाच्या सुरुवातीला येणाऱ्या ॲ ला स्वतःचे घर मिळाले ते २००८ साली, युनिकोडच्या ५.१ आवृत्तीत. तोवर लोक अ वर अर्धचंद्र चिकटवून वेळ मारून नेत. काही संगणकांवर तो अर्धचंद्र अ वर बसायचा नाही, शेजारी ठिपक्यांच्या वर्तुळावर जाऊन बसायचा. हिंदीने 'ऐप' म्हणून प्रश्न मिटवला. आपण थांबलो.

आता रोमनविषयी. सध्या तिच्याबद्दल बोलायचे म्हणजे नाक मुरडूनच, असा प्रघात पडला आहे. पण एसएमएसच्या काळात देवनागरी महाग होती. रोमन अक्षरांत एका संदेशात १६० खुणा मावत, देवनागरीत ७०. त्यात काना, मात्रा, पाय मोडण्याची खूण, सगळे वेगळे मोजले जाई. 'दिवाळीच्या हार्दिक शुभेच्छा' यात डोळ्यांना दहा अक्षरे दिसतात. यंत्र मोकळ्या जागा धरून सत्तावीस मोजते. नमस्कार आणि सही घातली की संपलाच संदेश. तोही समोरच्याच्या फोनवर चौकोन होऊन उमटण्याची भीती. स्टीफन्सला खिळे मिळाले नाहीत, आम्हाला खुणा पुरल्या नाहीत.

रोमनमध्ये मराठीचे हाल होतात हे खरेच. मला, माला, माळा, मळा या चौघांचे एकच रूप होते. काल, काळ, कळ, कल यांचेही तेच. अर्थ संदर्भावरून ओळखायचा. पण या हालातच एक गोष्ट घडली ती मला माझ्या एका मित्रामुळे कळली. हा बुलढाण्याकडचा. शाळेत 'पानी' म्हटले म्हणून त्याने मास्तरांचा मार खाल्ला होता, पुण्याच्या कॉलेजात हशा. चार लोकांत तो मराठीत लिहायचे टाळायचा. न चा ण झाला की नाही, ल चा ळ झाला की नाही, यावरून इथे माणसाचे गाव आणि बहुतेकदा जातही ताडली जाते, हे त्याला पक्के ठाऊक होते. ऑर्कुट आले तेव्हा हा गडी रात्र रात्र जागून लिहायला लागला. गावच्या गोष्टी, जत्रेच्या, बापाच्या बैलजोडीच्या. सगळे रोमनमध्ये. रोमनमध्ये पाणी आणि पानी सारखेच लिहितात. कोण कसे उच्चारतो ते वाचणाऱ्याला कळायला मार्ग नाही. जी लिपी आमच्यासारख्यांना मराठीचा अपमान वाटत होती, ती त्याला बुरखा देत होती. कुणी चुका काढणार नव्हते, कारण त्या लिपीत मराठीचे शुद्धलेखन म्हणून काही नव्हतेच.

पुढे फोनवर देवनागरी फुकट आणि सोपी झाली. त्याने तीही धरली, पण सुरुवातीला बिचकत. फोन शब्द सुचवायचा आणि तो सुचवलेला शब्द घ्यायचा. त्याच्या लेखनातला वऱ्हाडी ठसका त्या दोन वर्षांत पार उतरला, छापील पुस्तकासारखा लिहू लागला. ऑर्कुट २०१४ साली बंद पडले आणि त्याच्यासोबत त्याचे रोमनमधले सगळे लेखनही गेले. ते त्याने कुठे उतरवून ठेवले नव्हते. मग एकदा त्याने ठरवून फोनची सुचवणी बंद केली. आता तो देवनागरीत आणि उघड वऱ्हाडीत लिहितो, 'पानी' लिहितो, आणि वाचणारे पुष्कळ आहेत. अहिराणीत, मालवणीत, वऱ्हाडीत आज जेवढे लेखन आणि बोलणे लोकांसमोर रोज येते तेवढे छापखान्याच्या दोनशे वर्षांत आले असेल असे मला वाटत नाही. छापखान्याला एका प्रमाण भाषेची गरज होती. फोनला ती नाही, फक्त त्याच्या सुचवणीच्या पट्टीला आहे.

गेल्या दिवाळीत मी त्याला विचारले, वऱ्हाडी हा शब्द तू कसा टंकतोस? त्याने फोन पुढे केला. टिंबाचा ऱ घेऊन. "रफाराचं वर्हाड लिहिलं तर माय वळखनार नाही," म्हणाला.

तर सरांची फाइल. कोणत्या कंपनीचा फाँट होता ते शोधण्यात चार महिने गेले. ती कंपनी बंद झालेली. अखेर नाशिककडच्या एका जुन्या डीटीपीवाल्याकडे तो निघाला. त्याच्या दुकानात अजून एक जुना संगणक होता, खास अशा गिऱ्हाइकांसाठी जपलेला. त्याने जुन्या मांडणीतून युनिकोडमध्ये आणणारा एक छोटा प्रोग्राम लावला आणि अर्ध्या तासात सव्वाशे पाने मराठी होऊन पडद्यावर उभी राहिली. पहिली ओळ वाचताना सरांचा आवाज ऐकू आल्यासारखे झाले. मी पैसे विचारले, त्याने घेतले नाहीत. म्हणाला, "माझ्याही वडिलांच्या फायली अशाच आहेत."

घरी येऊन नीट वाचू लागलो तेव्हा लक्षात आले की घाटातले जकातनाके सांगताना सर सारखे दर्या उतरून जात आहेत. एका मोहिमेत वर्हाडातून घोडी येत आहेत. त्या प्रोग्रामला चंद्रकोरीचा र माहीत नव्हता, त्याने जिथे तो दिसला तिथे रफार घातला होता. मी एकेक शब्द दुरुस्त करत बसलो. दऱ्या, वऱ्हाड, तऱ्हा, दुसऱ्या, कैऱ्या, पायऱ्या. हे सोपे होते, संदर्भ बोलत होता. तीन आठवड्यांत सगळे आटोपले. एक शब्द मात्र राहिला.

श्रावणमासच्या दक्षिणेचा हिशेब आहे. ब्राह्मणांची पंगत, पानांचा, तुपाचा खर्च, आलेल्या शास्त्र्यांना दिलेली दक्षिणा, आणि शेवटी एका ओळीत, आचार्यास एक धोतरजोडा. सरांनी काय टंकले होते? त्या पंगतीत आचार्यही असणार आणि आचारीही. धोतरजोडा दोघांपैकी कुणालाही मिळू शकतो. मी ती ओळ शंभरदा वाचली असेल. डीटीपीवाल्याला पुन्हा फोन केला, म्हटले मूळ फाइलीत त्या जागी कोणती खूण आहे ते बघा. त्याचा तो संगणक पावसाळ्यात जळाला होता. माझ्याकडच्या सीडीवरची ती फाइल आता अर्ध्यावर अडकते.

मूळ कागद दप्तरात असणारच. सर प्रत्येक टिपणाशेजारी रुमालाचा क्रमांक लिहीत, पण तो समासात, पेन्सिलीने, वहीत.